काशाचा मोठा बाउल

आमच्या रविवारच्या योगवर्गात सगळे डोळे मिटून पडलेले असायचे. तरी तिथले किस्से इतके कसे साठले, देव जाणे. आजही आमच्यातले दोघं भेटले की एक किस्सा निघतो, आणि त्याच्या मागोमाग दुसरा.

कोळवणला हौसाकाकूंच्या भातखाचरांना लागून त्यांची एक खोली होती. ती आमच्या शिक्षिका मेधाताईंनी वर्गासाठी भाड्याने घेतली होती. बावधन-भुकूमकडचे आम्ही दहाबारा नोकरदार सकाळी तिथे जमायचो. योग म्हणजे काय, तर लोड आणि गोधड्यांच्या आधाराने एकेका आसनात वीस-वीस मिनिटं पडून राहायचं. ताई काशाचे सात बाउल लाकडी दांडीने एकामागून एक वाजवायच्या. तो नाद अंगावरून सावकाश सरकायचा आणि मग आपण कुठे आहोत, हेच विसरायला व्हायचं.

पहिल्याच दिवशी हौसाकाकू दारात येऊन बराच वेळ आमच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी ताईंना विचारलं, "ह्यांच्या घरी खाटा न्हाईत व्हय?"

* * *

माझ्याच कंपनीतला शिरीष आमचा टीम लीडर. कोळवणला मोबाईलला रेंज नाही म्हटल्यावर तो आधी यायलाच तयार नव्हता. आला, आणि तिसऱ्या टोल्याला गाढ झोपला. थोड्या वेळाने झोपेतच स्पष्ट म्हणाला, "सर, संध्याकाळपर्यंत पाठवतो."

ताई त्याच्या कानाशी वाकून हळूच म्हणाल्या, "पाठव. घाई नाही."

शिरीषच्या कपाळावरची आठी आमच्या डोळ्यांदेखत गेली. असं उत्तर त्याला कुठल्याही साहेबाने दिलं नव्हतं!

* * *

ताई कधी चिडायच्या नाहीत. एकदाच चिडल्या, आणि तेही माझ्यावर. मी मोठ्या बाउलला सहज बोट लावलं होतं. बोटाचं तेल लागलं की सूर बिघडतो, असं त्यांचं म्हणणं. त्या स्वतःसुद्धा मलमलीच्या फडक्याशिवाय त्याला हात लावत नसत. मी सोलापूरचा, आमच्याकडे काशाच्या वाडग्यात ताक पीत. पण ते बोलायची ती वेळ नव्हती.

* * *

एका रविवारी वर्ग बुडाला. पुढच्या खेपेला हौसाकाकू घुश्श्यात. त्या नेमकी बाउल वाजायच्या वेळेला म्हशीची धार काढायच्या, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. नाद नाही म्हणून म्हशीने पान्हा चोरला होता.

"येनार नसाल तर आदल्या दिशी सांगत जा," त्या म्हणाल्या. "मला न्हाई, म्हशीला."

* * *

परतताना मी ताईंच्या मारुतीतून बावधनपर्यंत यायचो. एकदा सहज विचारलं, घरी झोपताना तुम्ही कुठला बाउल वाजवता?

"मला झोपच येत नाही," त्या म्हणाल्या.

चैत्रात त्यांची आई गेली होती. त्याआधी वर्षभर ती अंथरुणाला खिळून होती आणि हाकेसरशी ताई उठायच्या. आता हाक येत नव्हती, पण डोळा लागला की ताई दचकून उठायच्याच. दर रविवारी आम्ही त्यांच्यासमोर बिनधास्त घोरत होतो. मला फार लाज वाटली.

* * *

मग आश्विन आला. भाताच्या लोंब्या भरल्या होत्या, बांधावर सोनकी फुलली होती आणि ऊन चटके देऊ लागलं होतं. शरदाच्या स्वागताचा खास वर्ग ठरला. ताईंनी बाउल फुलांमध्ये मांडले. आम्ही आडवे झालो. पण दुसऱ्याच टोल्याला ताईंच्या हातातून दांडी निसटली.

हौसाकाकू काकड्या घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी ताईंचे जागरणाने तांबारलेले डोळे पाहिले, काकड्या खाली ठेवल्या आणि घरातून तुपाची वाटी आणली. ताईंना दंडाला धरून गोधडीवर निजवलं. मग सगळ्यात मोठा बाउल उचलला, पालथा केला, बुडाला चांगलं बोटभर तूप फासलं आणि ताईंचे तळपाय घासायला घेतले.

आम्ही श्वास रोखला. ताई उठायला गेल्या. "पडून ऱ्हावा," काकू म्हणाल्या. "आश्विनातली उष्णता हाय. काशानंच उतरती."

घासता घासता तळपाय काळे होत गेले. ताईंचा श्वास लांब झाला, मान कलली. वेळ संपली तसा शिरीष दांडीकडे सरकला, कारण शेवटचा टोला दिल्याशिवाय वर्ग संपत नसे. काकूंनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं. दांडी तिथेच राहिली. आम्ही चपला हातात घेऊन दाराशी आलो.

तेवढ्यात ताई झोपेतच दचकल्या. "आले गं, आई," म्हणत त्यांनी कोपर टेकलं.

काकूंचा हात थांबला नाही.

"नगं येऊस," त्या म्हणाल्या. "मला काय लागत न्हाई. नीज तू."