गोड आवाजाची गाडी

हे मी कित्येक वर्षं घरातही बोललो नव्हतो. माझ्या हातच्या चुकीमुळे एक माणूस डिझेलचोर ठरला, आणि मला माहीत असून मी तो ठरू दिला.

द्वारका चौकाच्या पुढे, हायवेला लागून माझं गॅरेज आहे. जुन्या ट्रकांचे डिझेल पंप बदलतो. नवा पंप नुसता बसवून चालत नाही, इंजिनाशी जुळवावा लागतो. डिझेल नेमक्या वेळी आत गेलं पाहिजे. त्याची रीत आहे. पहिली नळी सोडायची, इंजिन हाताने हळूहळू फिरवायचं, पंपाच्या तोंडाशी डिझेल जरा हललं की थांबून खूण जुळवायची. मी हे करत नसे. पंपाचे बोल्ट सैल ठेवून इंजिन चालू करायचो, पंप किंचित फिरवत आवाज ऐकायचो आणि कान म्हणेल तिथे आवळायचो. ‘मिस्तरीचा कान’ म्हणून माझं नाव होतं. ते मला फार आवडायचं.

एका शेठच्या टोमॅटोच्या ट्रकला मी असाच पंप बसवला. आवाज इतका गोड, की मीच खूश. पण पंप मागे राहिला, म्हणजे डिझेल उशिरा आत गेलं, की इंजिन गोडच वाजतं. ओढत मात्र नाही, आणि डिझेल पितं.

ट्रकवर पेठ गावाकडचे एक वयस्कर ड्रायव्हर होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. दोन-चार खेपांनंतर ते आले.

“मिस्तरी, कसाऱ्याच्या घाटाला गाडी दम टाकती. पयली लय चढायची.”

“मामा, गाडी नाही, तुम्ही दम टाकताय आता!”

चहावाल्यासकट सगळे हसले. मामाही हसले. पंपाला मी हात लावला नाही.

मग ॲव्हरेज घसरलं, आणि मामा डिझेल विकतात असा शेठला संशय आला. शेठने आपल्या आवारात, सगळ्या ड्रायव्हरांसमोर मला विचारलं, “पंपात काही खोट?” मी म्हणालो, “पंप नवा आहे, शेठ.” खोटं नव्हतं ते. मामांनी माझ्याकडे पाहिलं आणि गाडीची चावी बॉनेटवर ठेवली. “म्या थेंब इकला नाय,” एवढंच म्हणाले आणि निघून गेले.

पुढे ट्रक सर्व्हिसिंगला आला तेव्हा मी रीतीने तपासलं. खूण चांगलीच मागे होती. कुणाला न सांगता जुळवून टाकली. इथेच मी खरा घात केला. ॲव्हरेज परत आलं, आणि शेठ सगळीकडे सांगू लागला, “बघा, ड्रायव्हर बदलला आणि डिझेल पुरायला लागलं!” माझी दुरुस्तीच मामांवरचा पुरावा झाली.

कित्येक वर्षांनी, गेल्या महिन्यात शेठ माझ्या गॅरेजात एका नव्या ड्रायव्हरला तीच गोष्ट ऐकवत होता. “एक पेठचा होता...” माझ्या हातात पाना होता, तो मी खाली ठेवला.

“शेठ, तो चोर नव्हता. पंप मी चुकीचा जुळवला होता.”

शेठ आधी हसला, मग चिडला. “आता कशाला उकरताय? कोण येईल तुमच्याकडे पंप घेऊन?”

“नका येऊ. पण ही गोष्ट माझ्या दारात पुन्हा सांगायची नाही.”

त्याच्या गाड्या त्या दिवसापासून येत नाहीत. बायको म्हणते, तोंड आवरलं असतं तर? नाही आवरत. इतकी वर्षं आवरलंच होतं. ज्यांना माझा कान हवा त्यांनी दुसरीकडे जावं. इथे आता पहिली नळी सोडूनच पंप बसतो, गिऱ्हाईक कितीही हॉर्न वाजवो.

यात शौर्य नाही. शेठला सांगणं सोपं होतं, अब्रू त्याची गेलीच नव्हती. मामा गावी भात लावतात असं ऐकतो. गाडी त्यांनी पुन्हा धरली नाही.

पेठला त्यांच्या दारात जाऊन, त्यांच्या भावकीसमोर, चूक माझी होती हे सांगणं अजून माझ्याकडे बाकी आहे.