पंचाची सही

माझी सही सुंदर आहे. हे मी म्हणत नाही, अख्खी राजापेठ म्हणते. पहिल्या अक्षराला ऐटदार वळसा, मधे लांब रेघ, शेवटी दोन टिंबं. अमरावतीत झेरॉक्सचं दुकान टाकून मला तीस वर्षं झाली. या तीस वर्षांत माझ्या मशीनपेक्षा माझ्या सहीचंच जास्त कौतुक झालं.

त्यामुळे मी पंच झालो. पोलिसांना काही जप्त करायचं असलं की बाहेरची दोन माणसं सोबत लागतात. त्यांनी आपल्या डोळ्यांनी बघायचं आणि मग पंचनाम्यावर सही करायची, असा कायदा. आमची रीत जरा सुटसुटीत होती. एक हवालदार होता, ठाणं कोणतं ते विचारू नका. तो लिहून तयार असलेला पंचनामा घेऊन थेट दुकानात यायचा. "काकाजी, तुमची ते झ्याकवाली सही द्या बरं." की मी पेन काढलाच. चोरीची मोटारसायकल, गावठी दारू, जुगाराचे पत्ते, यातलं मी काही म्हणजे काही पाहिलेलं नाही. चहा मात्र दरवेळी पाजायचो, तोही माझाच.

त्या संध्याकाळी शिकवणीचे वर्ग सुटले होते. काउंटरवर पोट्ट्यांचा हा गोंधळ! "काका माझं आधी, काका माझं आधी." तेवढ्यात हवालदार आला. मी एका हातानं मशीनमध्ये कागद सारत दुसऱ्या हातानं तीन पानांवर आणि जप्तीच्या मालाला चिकटवायच्या चार लेबलांवर सह्या ठोकल्या. विचारलंसुद्धा नाही काय आहे म्हणून.

दोन दिवसांनी पेपरात फोटो आला. अतिरेकी कारवायांच्या संशयावरून एकाला अटक. बघतो तर काय, हा तर आपला गणिताचा मास्तर! परतवाड्याचा मुसलमान पोरगा, चोवीस-पंचवीसचा. राजापेठेत खोली घेऊन शिकवायचा, प्रश्नपत्रिका माझ्याकडेच काढायचा. आणि मी काय केलं? काउंटरवर हात आपटून गिऱ्हाइकांना सांगितलं, "असे लोक चौकात उलटे टांगले पायजेत!" घरी जेवतानाही तेच सुरू. खोटं कशाला सांगू, मला तेव्हा मनापासून तसंच वाटत होतं. बॉम्ब फुटतो तेव्हा तो बाजारात आलेल्या माणसाला नावगाव विचारत नाही.

मग वर्षं गेली. मी विसरलो. सहाव्या वर्षी अकोल्याच्या विशेष कोर्टाचं समन्स आलं. मास्तरच्या खोलीतून पेनड्राइव्ह आणि कागद सापडले, त्या झडतीचा पंच मी! दुसरा पंच मधल्या काळात वारला होता, म्हणजे सगळं माझ्यावर. हवालदार घरी आला. आता निवृत्त, गुडघे धरून बसला. "घाबरू नका काकाजी. पंचनामा वाचून घ्या, तेवढंच बोला. देशाचं काम हाय."

तो गेल्यावर बायको कणीक मळता मळता म्हणाली, "तुमी गेल्ते का त्या खोलीत?"

"नाही."

"मंग सही काहून केली? डोये फुटले होते?"

मी चिडलो. म्हटलं, "अन् खराच अतिरेकी असला तर? माझ्यामुळं सुटला, उद्या कुठं काही केलं, तर?"

"त्यानं केलं का नाही केलं, ते जज पायतीन. तुमी काय पायलं, तेवढंच सांगा."

बडनेऱ्याहून गाडी पकडून अकोल्याला गेलो. पूर्ण रस्ता दोन्ही उत्तरं पाठ करत होतो. पिंजऱ्यात तो उभा होता, वाळलेला, दाढी अर्धी पिकलेली. सरकारी वकिलांनी कागद दाखवला. सही तुमचीच? हो. झडती तुमच्यासमोर झाली?

"नाही साहेब."

"मग सही कुठं केली?"

"दुकानात. मशीन चालू होती."

मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं. सरकारी वकिलांनी मला फितूर ठरवून तासभर सोलून काढलं. शेवटी जजसाहेबांनी चष्मा काढून विचारलं, "न बघता सही का केलीत?" मी म्हटलं, "सवयीनं." याच्याहून खरं मी आयुष्यात काही बोललेलो नाही, आणि याच्याहून लाजिरवाणंही.

बाकीचा पुरावाही टिकला नाही. संशयाचा फायदा देऊन तो सुटला. गल्लीत दोन महिने माझा नमस्कार कोणी घेतला नाही. एकानं तर तोंडावर विचारलं, "किती घेतले?" मला संताप आला तो वेगळ्याच गोष्टीचा. तो दोषी असेल तर माझ्यामुळे सुटला. मी त्या दिवशी शटर ओढून खोलीवर गेलो असतो, नीट पाहिलं असतं, तर केस पक्की झाली असती. आणि निर्दोष असेल तर माझ्याच सहीवर सहा वर्षं आत बसला. कसंही धरा, माझी मान काही वर होत नाही.

गेल्या महिन्यात दुपारी दुकान रिकामं होतं. तो आला. आधार कार्ड आणि निकालाची प्रत पुढे ठेवली, दोन-दोन कॉप्या म्हणाला. मी काढल्या. पहिली वाकडी आली, पुन्हा काढली. आधारच्या कॉपीवर सही करायला त्याला पेन दिला. त्याने आधी कागद वरपासून खालपर्यंत वाचला. आधार कार्डावर वाचण्यासारखं असतं काय? तरी वाचला, मागची बाजूही वाचली, मग सही केली.

पेन परत देताना म्हणाला, "काका, तुमची सही लय सुंदर हाय. दोषारोपपत्राची कॉपी होती माझ्यापाशी. सहा वर्षं रोज पायली."

टोमणा नव्हता हो तो! टोमणा असता तर मी सहन केला असता.