बांगडे मोजण्याचे दिवस

माझी लेक परदेशात शास्त्रज्ञ आहे. बांगडा माशावर संशोधन करते. बांगडे उतरतात आमच्या बंदरावर आणि त्यांचा अभ्यास होतो तिकडे बर्फात. पण मी चौथी शिकलेली, मला त्यातलं काय कळणार?

यंदा तिकडच्या सरकारने हात आखडता घेतला. रत्नागिरीत येऊन मासे मोजणाऱ्या माणसालाच कामावरून कमी केलं. लेकीचा फोन आला. "आई, या हंगामाची मापं मिळाली नाहीत तर माझं काम अर्धवट राहील. मला घरी पाठवतील. तू रोज वीस बांगडे मोजशील?"

एवढा श्रीमंत देश, आणि शेवटी भिस्त माझ्यावर नि घरातल्या जुन्या फूटपट्टीवर.

मला बाजारात भाव विचारायलाही लाज वाटते. तरी ओळखीच्या कोळीणमावशीच्या टोपलीपुढे उकिडवी बसून, मान खाली घालून आठ दिवस मोजले आणि आकडे पाठवले.

"आई, सगळेच एवढे मोठे कसे?"

"निवडून घेतले गो. भरलेले, ताजे."

"निवडायचे नव्हते! हाताला येतील ते मोजायचे!"

जन्मभर मासळी निवडायला शिकले, आणि विज्ञानाला नेमकं तेच चालत नाही. आठ दिवस फुकट.

दुसऱ्या दिवशी टोपलीत खोल हात घातला, तर मावशीने मनगटच धरलं.

"बारके कशाला मोजतेस? परदेशात माझ्या टोपलीची शोभा करतेस काय? वरचे मोज, ते बघ कसे आहेत!"

"बारकेपण लागतात, मावशी." माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

"काय?"

"बारके मोजले नाहीत तर माझी लेक घरी परत येईल!" हे मी इतक्या मोठ्याने म्हटलं की शेजारच्या दोघी भाव करायच्या थांबल्या.

मावशी माझ्याकडे बघत राहिली. "मग येऊ दे की गो बाय. तुला नको काय?"

मी हाताला आला तो बांगडा पट्टीवर ठेवला. तिने मनगट सोडलं.

हंगाम संपेपर्यंत मोजले. काम पुरं झालं. लेकीच्या साहेबाने रत्नागिरीच्या पथकाचे आभार मानले. पथक तेव्हा भांडी घासत होतं.

"तुझ्यामुळे मला इथे आणखी दोन वर्षं राहता येणार, आई!"

हो, माझ्यामुळेच. एवढं चोख काम मी आयुष्यात दुसरं केलं नसेल.