ओठांवरचं स्पेलिंग

लिंबायतमधल्या आमच्या खोलीत आवाज नसायचा, बोलणं मात्र अखंड चालायचं. पप्पा लूमच्या खात्यात, यंत्रमागांच्या खडखडाटात कामाला. तिथे शेजारी उभ्या माणसाने बोंब मारली तरी ऐकू येत नाही, म्हणून कारागीर आवाज न काढता नुसते ओठ मोठे हलवून बोलतात आणि समोरचा ओठ वाचतो. पुढे पप्पांचे कान गेलेच आणि ती पद्धत घरी आली. उगाच घसा कशाला ताणायचा, म्हणून आईने आणि मी आवाजच सोडून दिला. शेजारणीला वाटायचं, यांच्यात कायमचा अबोला आहे.

कॉलेज संपलं तेव्हा माझ्यापुढे दोनच वाटा होत्या. आईसारखं घरी बसून साड्यांवर खडे चिकटवायचे, नाहीतर इच्छापोरच्या एका कंपनीत ऑफिसची नोकरी मिळवायची. खड्यांचा मला मनापासून कंटाळा होता. पण कंपनीत इंग्रजी पत्रव्यवहार असायचा, मुलाखतीत स्पेलिंग विचारत, आणि माझं स्पेलिंग म्हणजे आनंदीआनंद. ‘सेपरेट’मध्ये पीनंतर ए यायला हवा, तर मी ई घालायची. ‘रिसीव्ह’मध्ये आय आधी घुसवायची. ‘ॲडव्हाइस’ आणि ‘ॲडव्हाइज’ माझ्या लेखी एकच.

मग पप्पांनी मनावर घेतलं. त्यांना इंग्रजीचं ओ की ठो कळत नव्हतं. तरी जेवणं झाली की मला समोर बसवायचे आणि माझ्या तोंडाकडे टक लावून बघायचे. मी एकेक अक्षर ओठांनी सांगायची. ‘नेसेसरी’त सी एकच, एस दोन. नुसता सल्ला असेल तर सी, सल्ला द्यायचा असेल तर एस. ओठ जरा अडखळले की ते म्हणायचे, “आखो सांग.” की परत पहिल्यापासून. चूक कुठे झाली हे त्यांना कळायचं नाही, पण मला खात्री नाही, एवढं बरोबर कळायचं. मी वैतागायची, तोंड वाकडं करायची. आज वाटतं, इतकं लक्ष देऊन माझ्याकडे नंतर कुणी बघितलंच नाही.

मुलाखतीत मॅडमनी नेमकं ‘सेपरेट’च विचारलं. मी झरझर सांगून टाकलं आणि शाबासकीची वाट बघत बसले. मॅडम माझ्याकडे बघतच राहिल्या.

“नहीं आता क्या, बेन?”

माझं डोकंच फिरलं. इतकं स्वच्छ सांगितलं, तरी वर हे ऐकायचं? ओठ आणखी मोठे करून पुन्हा सांगितलं. त्यांनी शेजारच्या साहेबांकडे बघितलं, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की तोंडातून आवाज निघालेलाच नाही. मग असा आवाज काढला की बाहेरचा शिपाई आत डोकावला.

नोकरी लागली. दिवसभर फोनवर बोलायचं काम. मी भराभर बोलायला शिकले, तोंडातल्या तोंडात, ऑफिसातली माणसं बोलतात तशी. ती सवय कधी अंगवळणी पडली, कळलंही नाही.

परवा जेवताना मी ऑफिसमधली एक गंमत सांगत होते. आई हसली. पप्पा माझ्या तोंडाकडे बघत राहिले आणि मग ताटाकडे वळले. मी त्यांच्या हाताला हात लावून विचारलं, काय झालं.

“आते तू बोलस ते माले दिखत नही,” ते म्हणाले.