उठलं, ओळखलं, पुसलं

गुरुवारी दुपारी तीनच्या सुमारास निवृत्ती गवळी हातात स्टीलचा डबा घेऊन आमच्या हॉस्पिटलच्या कुठल्या तरी विभागात उगवायचे आणि तिथल्या एखाद्या माणसाला कामावरून उठवून न्यायचे. कधी लॅबमधला तंत्रज्ञ, कधी एक्स-रेच्या बाई, कधी औषधांच्या खिडकीवरचा माणूस. "चला, ओळख पटवायला चला," एवढंच म्हणायचे. हॉस्पिटलात हे वाक्य कानावर पडलं की नव्या माणसाला भलतंच वाटायचं. माझाही पहिला गुरुवार होता. मला वाटलं, तळमजल्यावर कुणाचा तरी देह दाखवायला नेताहेत.

तळमजल्यावर होती ती आमची खोली. दोन मोठे सर्व्हर, कोपऱ्यात एक म्हातारा सर्व्हर, बारा महिने थंडी, आणि माणसं दोन. गवळी संगणक विभागाचे प्रमुख आणि मी त्यांच्या हाताखाली नव्यानं आलेली. सगळं हॉस्पिटल त्यांना नानाच म्हणायचं. मी पुण्याची नोकरी सोडून नाशिक रोडला माहेरी परत आले होते आणि पंचवटीच्या बाजूच्या या ट्रस्टच्या हॉस्पिटलात आपण काहीतरी उपकार करायला आलो आहोत, असा माझा समज होता. नाना जुन्या काळी आयटीआय झालेले, रोज सायखेड्याहून दुचाकीवर यायचे, सदऱ्याच्या खिशाला दोन पेनं आणि एक टेस्टर. माणूस भला आहे, पण काळाच्या मागे आहे, असा निकाल मी आठवड्याभरात देऊन टाकला.

त्यांचं काम काय होतं ते थोडं सांगायला हवं. एका मोठ्या सर्व्हरच्या पोटात दहा-बारा संगणक नांदत असतात. बाहेरून यंत्र एकच, पण आत लॅबचा संसार वेगळा, नोंदणीचा वेगळा, एक्स-रेचा वेगळा. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. रोज पहाटे त्या प्रत्येकाची अख्खी प्रत आपोआप दुसरीकडे साठवली जाते, आणि सकाळी पडद्यावर हिरव्या खुणांची रांग दिसते. त्या खुणा बघून बहुतेक लोक निर्धास्तपणे चहाला जातात. मीही जायचे. नानांचा मात्र त्या खुणांवर काडीचा विश्वास नव्हता.

"घेतलं, असं मशीन म्हणतंय," ते म्हणायचे. "पण उठतंय का? ते कोण सांगणार?"

म्हणून तो डबा. त्यात प्रत्येक मशीनच्या नावाची घडी घातलेली चिठ्ठी असायची. गुरुवारी न बघता एक काढायची. जी निघेल त्या मशीनची साठवलेली प्रत म्हाताऱ्या सर्व्हरवर उभी करायची. तो सर्व्हर मुद्दाम कशालाच जोडलेला नव्हता. मग ज्या माणसाचं त्या मशीनवर रोजचं काम, त्याला बोलावून समोर बसवायचं आणि त्यानं स्वतःच्या हातानं केलेली एखादी नोंद शोधायला लावायची. सापडली की एका लांबलचक रजिस्टरात सही. रजिस्टरात नानांनी पट्टीनं तीन रकाने आखलेले होते: उठलं, ओळखलं, पुसलं.

"त्या बिचाऱ्यांना कशाला खाली आणता?" मी एकदा विचारलं. "मशीन चालू झालं की नाही ते मला इथूनच दिसतं की."

"तुम्हाला पडदा दिसतो, ताई. त्यांना पेशंट दिसतो."

"आणि पुसता कशाला? उभंच आहे तर राहू द्या."

"नाय. एका नावाची दोन माणसं एका घरात नको. उद्या कुणी गडबडीत याच्यातच नोंद टाकील आन् खऱ्यात ती नसंल. खरं एकच ठेवायचं. तपासलं, ओळखलं, की पुसलं."

हे ते इतक्या गंभीरपणे सांगायचे की मला हसू यायचं. जेवताना ठेचा-भाकरी माझ्यापुढे सरकवत एकदा त्यांनी त्यांच्या या हट्टाचं मूळ सांगितलं. लहानपणी सायखेड्यात त्यांच्या घरात गोदावरीचं पाणी शिरलं. वडिलांनी पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन ती शाळेच्या गच्चीवर नेली. पेटीत नानांच्या आईचा फोटो होता. आई नानांच्या जन्मानंतर वर्षभरातच गेलेली, आणि फोटो तेवढा एकच. पाणी ओसरलं, घर लिंपून झालं, पेटी जागेवर गेली. पेटी वाचली म्हणून सगळे खूश. दिवाळीच्या आवराआवरीत ती उघडली तेव्हा फोटो काचेला चिकटून बसलेला होता, आणि सोडवायला गेले तर चेहरा काचेबरोबर निघून आला. राहिला फक्त लुगड्याचा काठ आणि खुर्चीचा हात.

"पहिल्याच दिवशी उघडून पाह्यलं असतं, सावलीत वाळवला असता, तर वाचला असता," नाना म्हणाले. "पण पेटी सापडली ना, मग उघडतंय कोण?" मग त्यांनी डबा झाकला आणि हात धुवायला उठले. आईचा चेहरा त्यांच्या आठवणीत कुठेच नव्हता, हे मला त्या दिवशी कळलं.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या मानेत गाठ आली. तपासण्या झाल्या. लिम्फोमा निघाला. उपचार आमच्याच हॉस्पिटलात सुरू झाले, दुसऱ्या मजल्यावरच्या कर्करोगाच्या डे-केअरमध्ये. तिथे सकाळी पेशंट येतात, खुर्चीत बसून सलाईनमधून औषध घेतात आणि संध्याकाळी घरी जातात. नानांची पाळी तीन आठवड्यांनी यायची. केस गेले तशी त्यांनी टोपी घालायला सुरुवात केली. औषधाच्या दिवशी आणि पुढचे काही दिवस ते नसायचे, त्यामुळे बरंचसं काम माझ्याकडे आलं. खरं सांगायचं तर मला ते आवडत होतं.

त्याच सुमारास डे-केअरसाठी नवा प्रोग्रॅम आला. जुना व्हर्च्युअल मशीनवर होता, हा कंटेनरमध्ये. कंटेनर म्हणजे प्रोग्रॅम डब्यात भरून आणायचा. डबा बिघडला तर फेकायचा आणि दुसरा आणायचा, दहा मिनिटांत काम सुरू. फक्त माणसांच्या नोंदी त्या डब्यात ठेवायच्या नसतात, त्यांची जागा बाहेर वेगळी असते. हे मला माहीत होतं, पुण्यात मी हेच करत होते. पहाटेच्या साठवणुकीची सगळी आखणी मी एकटीनं केली. जुनं मशीन पुसून जागा मोकळी करायला निघाले तेव्हा नानांनी अडवलं.

"नवी सून आली म्हणून सासूला लगेच गावाला धाडायचं नसतं, ताई. बंद करून ठेवा. वर्षभर राहू द्या."

मी मनातल्या मनात कपाळाला हात लावला, पण ठेवलं.

एक गोष्ट मात्र मी केली नाही. डब्यात नवी चिठ्ठी टाकली नाही. विसरले, असं म्हणणं सोपं आहे. पण चिठ्ठ्या मशीनच्या असतात आणि हे काही मशीन नव्हे, असं मी स्वतःला सांगितल्याचं मला नीट आठवतं. नाना नसायचे त्या गुरुवारी मी चिठ्ठ्या काढत होते, पण उरकून टाकल्यासारख्या. सात आठवडे हिरव्या खुणा येत राहिल्या.

आठव्या आठवड्यात मंगळवारी सकाळी डे-केअरची डिस्क गेली. मी घाबरले नाही. नवी डिस्क लावली, साठवलेली प्रत आणली, आणि खरोखर दहा मिनिटांत प्रोग्रॅम उभा राहिला. छाती फुगवून मी स्वतः वर गेले. तिथल्या प्रमुख परिचारिका लोखंडे सिस्टर पडद्यासमोर बसल्या, त्यांनी एक नाव टाकलं, मग दुसरं, मग तिसरं.

"ताई," त्या म्हणाल्या, "माझे पेशंट कुठंयत?"

यादी कोरी होती. प्रोग्रॅम होता, रंग होते, बटणं होती, आत माणूस एकही नव्हता. मी सात आठवडे रोज डबा साठवत होते, आणि बाहेरच्या जागेतल्या नोंदी आखणीत घ्यायच्याच राहून गेल्या होत्या.

समोर खुर्च्यांवर अकरा जण बसलेले होते, काहींच्या हाताला सुई लावून झालेली होती. डॉक्टर आले आणि त्यांनी औषधं थांबवली. यातली काही औषधं अशी की आयुष्यभरात अमुक इतकीच द्यायची, त्यापुढे गेलं की हृदयाला धोका. आजवर कुणाला किती गेलं याचा हिशेब समोर नसताना एक थेंबही सोडता येणार नव्हता. आणि वेळ टळली की गाठ वाट बघत थांबत नाही. हे सगळं तिथं बसलेल्यांना ठाऊक होतं. पाचव्या खुर्चीवर टोपी घालून नाना बसले होते.

मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, "चिठ्ठी टाकली नव्हती ना?"

मी मान हलवली.

"डबा घेऊन आलो आन् भाजी घरीच राह्यली," ते म्हणाले. रागावले नव्हते, आणि तेच मला सहन होईना. मी रडायला लागले तसे म्हणाले, "रड नंतर. जुनं मशीन ठेवलंय ना? जा, उठव त्याला." त्यांनी मला पहिल्यांदाच एकेरीत हाक मारली होती.

जुनं मशीन उठलं. सात आठवड्यांपूर्वीपर्यंतचं सगळं त्यात होतं. मी ते पुसायला निघाले होते. मधल्या सात आठवड्यांचं मात्र कागदांवरून गोळा करायचं होतं. सिस्टरांनी डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, औषधांच्या खिडकीवरच्या पावत्या, परिचारिकांच्या वह्या, सगळं टेबलावर आणलं. नाना सुई काढून आमच्यात येऊन बसले. सिस्टर वाचायच्या, मी भरायचे, आणि नाना प्रत्येक पेशंटला शेजारी बसवून विचारायचे, "बरोबर हाय का, माउली? त्या दिवशी दोन बाटल्या का तीन?" दोन दिवस लागले. गुरुवारी सकाळी औषधं पुन्हा सुरू झाली, आणि अकरा जणांपैकी कुणाचं काही वाकडं झालं नाही. यात माझं कर्तृत्व काहीच नाही.

त्या दिवशी दुपारी नानांनी कोरा कागद पुढे केला आणि माझ्याकडून नवी चिठ्ठी लिहवून घेतली. मग रजिस्टर उघडून म्हणाले, "आता झालं ते इथं लिही. नाव तुझंच घाल. उद्या या खुर्चीवर दुसरं कुणी बसंल, त्याला हीच ठेच लागू नये." मी लिहिलं. पान आजही आहे. नव्यानं येणाऱ्याला मी पहिल्या दिवशी तेच पान वाचायला देते.

नाना त्या औषधांनी सात-आठ महिने बरे होते. मग गाठ परत आली, वरच्या मजल्यावरची औषधंही परत सुरू झाली. शेवटी शेवटी ते गुरुवारी आमच्या खोलीत खुर्चीत बसूनच असायचे, चिठ्ठी मी काढायचे. "उठलं का?" ते डोळे मिटूनच विचारायचे. एका सोमवारी सकाळी ते घरीच वारले. मी सायखेड्याला गेले होते. नदीकाठी त्यांचं सगळं झालं. पाणी त्या दिवसांत अगदी संथ होतं.

त्यानंतरच्या गुरुवारी मी नियम मोडला. चिठ्ठी न बघता काढायची असते, मी डब्यात हात घालून माझ्या अक्षरातली शोधून काढली. आदल्या रविवारी साठवलेली डे-केअरची प्रत म्हाताऱ्या सर्व्हरवर उभी केली, आतल्या नोंदींसकट. मग दुसऱ्या मजल्यावर जाऊन म्हणाले, "सिस्टर, ओळख पटवायला चला."

लोखंडे सिस्टर खाली आल्या, बसल्या. कुठलं नाव शोधायचं ते मी सांगितलं नाही. त्यांनी टाकलं ते निवृत्ती गवळी. पान उघडलं. पुढची तारीख शुक्रवार, खुर्ची पाचवी. खाली सिस्टरांनी स्वतः टाकलेली नोंद: डाव्या हाताची शीर मिळत नाही, उजवा घ्यावा. पेशंट टोपी काढायला नाही म्हणतात, आग्रह करू नये.

डे-केअरच्या खऱ्या प्रोग्रॅममध्ये मंगळवारीच त्यांची फाइल बंद झाली होती. इथे मात्र ते उद्या सकाळी येणार होते.

"माझीच नोंद आहे," सिस्टर म्हणाल्या आणि रजिस्टरात सही करून डोळे पुसत वर गेल्या.

मी एकटी बसून राहिले. प्रत ठेवली असती तर कुणाचं काही बिघडलं नसतं, कुणाला कळलंही नसतं. तो सर्व्हर कशालाच जोडलेला नाही. मला ती ठेवायची होती, अगदी मनापासून ठेवायची होती. पण प्रत उभी करून बघायला मी ज्यांच्याकडून शिकले, त्यांनीच खरं एकच ठेवायचं, असंही शिकवलं होतं.

मी पुसलं. तिसऱ्या रकान्यात तसं लिहिलं, खाली माझी सही केली, आणि चिठ्ठीला घडी घालून ती परत डब्यात टाकली.