किटलीतलं ताक

आमच्या गावात मुक्कामाला येणारी एस.टी. सकाळी सहाला कराडकडं निघायची. ड्रायव्हरशेजारी, इंजिनाच्या झाकणाला टेकून, दहा-बारा डबे मांडलेले असायचे. गाव आष्ट्याच्या बाजूचं, उसाच्या पट्ट्यातलं. कराडला शिकणाऱ्या पोरांचा घरचा डबा त्या गाडीनंच जायचा आणि संध्याकाळी रिकामा होऊन त्याच गाडीनं परत यायचा. कंडक्टर मुक्कामाला असला की कुणा ना कुणाच्या घरी जेवायचा, त्यामुळं डबे नेणं त्यालाही आपल्या नोकरीतलंच काम वाटत असावं. प्रत्येक डब्याला त्या त्या आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा बांधलेला असायचा. नाव लिहायची गरज पडत नसे. माझ्या डब्याला हिरव्या काठाचं फडकं असे आणि सोबत दुधाची किटली.

ही किटली माझी वैरीण होती. हे मला तेव्हा कळत नव्हतं, आणि ज्यांना कळायला हवं होतं त्यांनाही कळत नव्हतं. म्हशीचं घट्ट दूध, तापवून, वर साय धरलेलं, गूळ घातलेलं. शिवाय डब्यात तुपानं माखलेल्या गव्हाच्या पोळ्या आणि मटकीची उसळ. घरी रोज भाकरीच असायची, पण शिकणाऱ्या पोराला पोळीच पाठवायची असा आमच्याकडं रिवाज होता. आईच्या हातची मटकीची उसळ गावात नावाजलेली होती. ती स्वतः मात्र उसळ कधी खायची नाही. "मला न्हाई आवडत," म्हणायची. दूधही आवडत नाही म्हणायची. आम्ही पुरुष माणसं जेवून उठलो की ती चुलीपाशी बसून ताकात कालवलेल्या जोंधळ्याच्या कण्या खायची. काही माणसांची जीभच तसली, असं आम्ही धरून चाललो होतो. विचारावं असं कुणालाच कधी वाटलं नाही.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होतो आणि माझ्या पोटानं बंड केलं होतं. दोन दिवस काही नाही, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी चार वेळा. पोट फुगायचं, कळ यायची, जाऊन आलं की थांबायची, आणि वर्गात बसलो की पुन्हा उठायची. अशा दुखण्याची मोठी अडचण म्हणजे ते सांगता येत नाही. पाय मोडला तर माणूस चार लोकांना दाखवतो. माझं दुखणं ऐकलं की पोरं आधी हसायची आणि मग आपापले विनोद सांगायची.

आबा म्हणजे माझे वडील, लष्करातून हवालदार होऊन निवृत्त झालेले. त्यांच्या मते जगातला निम्मा रोग शिस्त नसल्यानं होतो आणि उरलेला दूध कमी पडल्यानं. सुट्टीत घरी गेलो की ते माझं मनगट दोन बोटांत धरून बघायचे. "अंग धरंना गडी. दूध वाढवा," म्हणायचे. आई मान हलवायची आणि किटली आणखी भरायची. जितका मी वाळत गेलो तितकं दूध वाढत गेलं. आमच्या भागात कुणाच्याही कसल्याही दुखण्यावर हाच उपाय व्हायचा. घरी म्हैस असून पोराला दूध नाही पाजलं, असं कुणी म्हणालं असतं तर ते आबांना मरणाहून वाईट वाटलं असतं.

वार्षिक परीक्षेत गणिताच्या पेपराला मी तासाभरातच उठलो. परत आलो तेव्हा घामानं शर्ट ओला होता. पुन्हा बसलो, पुन्हा उठलो. तिसऱ्यांदा उठल्यावर परत यायची लाज वाटली आणि तसाच खोलीवर निघून आलो. गणित येत होतं, याचंच जास्त वाईट वाटलं. निकाल लागला तेव्हा आबा फार बोलले नाहीत. "एक डाव बस आणखी. न्हाई जमलं तर रानात ये. ऊस कुनाला प्रश्न इचारत न्हाई," एवढंच म्हणाले. ते दिलेला शब्द फिरवत नसत, हे मला माहीत होतं.

कराडच्या बाजारपेठेत एक म्हातारे डॉक्टर होते. माझा खोलीतला जोडीदार मला त्यांच्याकडं धरून घेऊन गेला. हा जोडीदार माणदेशातला, मेंढरं राखणाऱ्या घरातला, पाऊस कमी आणि माणसं चिवट अशा मुलखातला. दगड खाल्ला तरी पचवील असा. डॉक्टरांनी माझं पोट दाबलं, जीभ बघितली, कधीपासून होतं ते विचारलं. पोटाबद्दल न हसता कुणीतरी विचारतंय, म्हणून मी बराच वेळ बोलत सुटलो.

"आतड्यात रोग नाही," शेवटी ते म्हणाले. "आतडं तापट आहे. तापट माणसाशी कसं वागतो आपण? काय बोललं की भडकतो ते बघून ठेवतो. तसंच वागायचं."

त्यांनी मला एक वही करायला सांगितली. काय खाल्लं, किती वाजता, आणि नंतर पोटाचं काय झालं. पंधरा दिवस दूध बंद, मटकी-चवळी बंद, गव्हाची पोळी बंद, कच्चा कांदा बंद, रिकाम्या पोटी चहा बंद. मऊ भात, पातळ ताकात भाजलेलं जिरं, दोडका, दुध्या, पिकलेलं केळं. वेळेवर खायचं, चावून खायचं, घाईनं गिळायचं नाही. बरं वाटलं की मग एकेक पदार्थ परत घेऊन बघायचा, दोन एकदम नाही. "माझं औषध यात कमीच आहे," असंही ते म्हणाले.

मी स्टोव्हवर भात शिजवायला लागलो. पंधरा दिवसांत पोट गप्प बसलं, म्हणजे अगदी शहाणं झालं असं नाही, पण आदल्या दिवशीच कळायला लागलं की उद्या काय होणार. वही भरत गेली. दूध घेतलं, दोन तासांत कळ. पोळी एक चालते, तीन नाही. भाकरी चालते. दोडका चालतो. शेंगदाण्याचं कूट पडलं की दोडकाही चालत नाही. अभ्यासाच्या वहीपेक्षा ती वही मी जास्त मनापासून लिहिली.

राहिला प्रश्न डब्याचा. आईला कसं कळवायचं? तिला वाचता येत नव्हतं, आणि पत्र आबांनी वाचलं असतं तर किटली बंद व्हायच्या ऐवजी मोठी झाली असती. मग मी आमच्या कॉलेजातली पोरं नको असलेल्या डब्याचं करायची तेच केलं. डबा जोडीदाराला खाऊ घातला आणि धुऊन परत पाठवला. रिकामा डबा बघून आईला बरं वाटत असणार, असं मी स्वतःला समजावलं. घरी गेलो तर दूध प्यावं लागेल, म्हणून दोन महिने घरीच गेलो नाही. जोडीदार मात्र अंगानं भरला. त्याची जुनी पँट त्याला होईनाशी झाली.

रोज सकाळी स्टँडवर डबा आणायलाही तोच जाऊ लागला होता. एके दिवशी त्यानं गाडीच्या दारात हात पुढं केला, तर डबा आणि किटली घेऊन आईच खाली उतरली.

तो तिला खोलीवर घेऊन आला तेव्हा मी जमिनीवर बसून पातेल्यातला मऊ भात आणि ताक खात होतो. आईनं माझ्याकडं बघितलं, मग त्याच्या गोल झालेल्या तोंडाकडं बघितलं.

"डबा कोन खातंय?" तिनं विचारलं.

"मी खातोय मावशी," तो म्हणाला. खोटं बोलणं त्याला कधी जमलं नाही. पाणी आणायचं निमित्त काढून तो बाहेर पडला.

मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो. हा माझा जन्माचा दोष आहे. "तुझ्या दुधानंच माझं वर्ष गेलं," मी म्हणालो. "दूध, तूप, मटकी. मला मारायला पाठवत होतीस काय रोज?"

हे वाक्य मी परत घेऊ शकलो असतो तर काय वाटेल ते दिलं असतं. आईनं डबा खाली ठेवला, पदरानं तोंड पुसलं आणि भिंतीला टेकून बसली. मी चहा विचारला, नको म्हणाली. भात विचारला, नको म्हणाली. कालपासून काही खाल्लं नसावं असं तिच्या तोंडावर दिसत होतं. काही तरी बोलायचं म्हणून मी वही काढली आणि डॉक्टरांनी काय सांगितलं ते तिला वाचून दाखवायला लागलो.

"दूध, दोन तासांत कळ," मी वाचलं.

ती ऐकत होती. "मटकी," मी पुढं वाचलं.

"मटकीनं लगीच न्हाई व्हत," ती म्हणाली. "दुपार कलली की फुगतंय. आन मोड लांब आलं आसलं तर जरा कमी व्हतंय."

मी वहीत बघितलं. मोडाचं सोडलं तर तसंच लिहिलं होतं. "दोडका चालतो," मी म्हणालो.

"दोडका चालतोय. कूट घालू नी. वांगं चालतंय, पर सांजंचं खावं. परवासाला निघायचं आसलं तर आदल्या दुपारपासनं काय बी खाऊ नी."

वही माझ्या हातात तशीच राहिली. डॉक्टरांनी पंधरा दिवसांत मला जे शोधायला लावलं ते ही बाई तोंडपाठ सांगत होती.

"तुला कसं ठाऊक?"

"मला बी हाय की त्ये. लगीन झाल्यापासनं."

"मग सांगितलं नाहीस कधी?"

"कुनाला सांगू?" ती अगदी साधेपणानं म्हणाली. "बाईमानसानं दिसा कुठं जायाचं सांग. एक उजाडायच्या आत, न्हाईतर मग अंधार पडल्यावर. मधी पोटानं हाक मारली तर? म्हनून काय खाल्लं की पोट सांजंपातूर गप बसतंय, त्ये बगून ठिवलं. कण्या आन ताक. त्येवढं लय गुनाचं."

आमच्या गावात तेव्हा कुणाच्याच घरी संडास नव्हता. पुरुष टमरेल घेऊन ओढ्याकडं केव्हाही जायचे. बायका अंधार बघून जायच्या. हे मी जन्मापासून बघत होतो. पेपराला तीन वेळा उठावं लागलं म्हणून मी वर्षभर नशिबाला शिव्या देत होतो, आणि माझ्या आईला वीस वर्षं उठायचीच सोय नव्हती.

"एवढं कळत होतं तर मला दूध का पाठवायचीस?" मी विचारलं. आता आवाजात राग नव्हता.

"न्हाई दिलं तर तुजं वडील म्हनलं आसतं, पोराला कोरडं धाडती." मग ती म्हणाली, "आन मला वाटलं, बाप्या मानसाचं पोट येगळं आसल."

मी तिच्यापुढं ताकभाताचं पातेलं सरकवलं. परतीचा प्रवास होता, तरी तिनं चार घास खाल्ले.

दुसऱ्या दिवशी हिरव्या काठाचं फडकं सोडून बघितलं तर डब्यात जोंधळ्याच्या कण्या, पातळ भाकरी आणि बिनकुटाचा दोडका होता. किटली मात्र नेहमीसारखी गच्च भरलेली. झाकण काढलं तर आत जिरं घातलेलं पातळ ताक. आबा रोज सकाळी गाडीपाशी उभे राहून किटली चढताना बघायचे, म्हणून किटली तशीच चालू राहिली. परीक्षा होईपर्यंत आबा गावभर सांगत होते की पोरगं आता दुधावर चांगलं सुधारलंय. जोडीदार तेवढा नाराज होता. तुझ्या आईनं माझं वाटोळं केलं गड्या, म्हणायचा.

गणिताच्या पेपराला मी तीन तास जागचा हललो नाही. शेवटची घंटा झाल्यावरही थोडा वेळ तसाच बसून राहिलो. पास झालो.

त्याच सुट्टीत मी घरामागं, गोठ्याच्या पलीकडं, संडास बांधायला काढला. पुढं नोकरीत मी पूल बांधले, पण माझं पहिलं बांधकाम ते. आबा खवळले. घरात घाण आणतोस का म्हणाले. मी म्हणालो, माझं पोट नाजूक आहे, मला लागतो. आईचं नाव काढलं नाही. तिनंच तशी शपथ घातली होती. फिट माणसाला हे चोचले लागत नाहीत असं पुटपुटत आबांनीच शेवटी खड्ड्याला माणसं लावली. लष्करात संडास होताच की तुम्हाला, एवढंच मी त्यांना म्हटलं होतं.

दार बसवलं, आतून कडी लावली. आईनं दोन दिवस तिकडं बघितलंसुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ऊन चांगलं वर आल्यावर मी ओसरीवर बसलो होतो, आणि ती पाण्याची बादली घेऊन माझ्यासमोरून गोठ्यामागं गेली. घाई नव्हती तिच्या चालण्यात.

त्या दुपारी आमची ताटं वाढून झाल्यावर ती चुलीपाशी गेली नाही. आपलंही ताट घेऊन आमच्या पंक्तीला बसली आणि मटकीच्या उसळीचं पातेलं पुढं ओढलं. एक डाव घेतला, मग दुसरा.

आबा घास हातात धरून बघत राहिले. "तुला मटकी आवडत न्हवती न्हवं?"

"लय आवडती," आई म्हणाली, आणि जेवायला लागली.