लाल टिकलीची बाजू

लग्नाला वर्ष व्हायच्या आत नवरा सुट्टी संपवून फौजेत परत गेला. पत्रं यायची. पत्रात बापाचा खोकला, मायची दाढ, ढवळ्या बैलाचा खूर, सगळं असायचं. फक्त मी नसायची. पत्र सासरे मोठ्यानं वाचायचे, म्हणून त्याला लाज वाटायची म्हणे. बंदुकीला न भिणारा गडी बापाच्या चष्म्याला भ्यायचा!

पुढच्या सुट्टीवरून तो जाताना मी बजावलं होतं, "यावेळी माह्यासाठी एक शब्द नाही आला, तर मी चालली अनसिंगले मायच्या घरी. तू सोता न्याले येशील तवाच येईन." मी बोलते ते करते, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

मग पत्राऐवजी कॅसेट आली. बाजूच्या गावचा एक जवान सुट्टीवर आला होता, त्याच्या हाती. गावात टेप कुणाकडेच नव्हता. दिरानं जीपनं शेलूबाजारला जाऊन लाउडस्पीकरवाल्याचा टेप आणला, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत करायच्या बोलीवर.

कॅसेटवर काही लिहिलेलं नव्हतं. एका बाजूला लाल शाईची टिकली होती, एवढंच.

"लाल म्हनजे सुलटी बाजू," दीर म्हणाला आणि बटण दाबलं. नुसती खर्रर्र. थोडं थांबला, पुन्हा पहिल्यापासून लावलं. पुन्हा खर्रर्र.

आमचे भाऊजी म्हणजे स्वयंघोषित मेकॅनिक. सायकलचं पंक्चर जमलं की माणूस विमान खोलायला मोकळा. आधी त्यांनी सेल काढून उन्हात तापवले. मग सासऱ्यांचं अत्तर कापसाच्या बोळ्याला लावून आतून पुसलं. आवाज काही आला नाही, पण खरखर मोठी सुवासिक झाली. शेवटी स्क्रू काढले. परत लावले तर एक उरला.

"तो जास्तीचाच होता," भाऊजी म्हणाले.

शेजारीण म्हणाली, "एक नारळ फोडा, बाई."

सासरे भडकले. "नारळ आपन छप्पन साली दीक्षा घेतली तवाच सोडले. आता या डब्यापायी सुरू करू काय?" सासूबाईंनी मात्र गुपचूप टेपसमोर उदबत्ती लावली. त्यांना छप्पन साल सोयीनुसार लागू व्हायचं.

तेवढ्यात भाऊजींच्या हातून कॅसेट पडली. उचलून घातली ती नेमकी उलटी, पहिल्यापासून लावली, आणि डब्यातून माझा नवरा बोलायला लागला.

"अव माय वं!" सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला. मी चुलीपाशी होते. हातातलं पीठ हातातच राहिलं.

बापाला खोकल्याचं औषध घ्यायला सांगितलं. मायला दाढ काढून टाकायला सांगितलं. भावाला सांगितलं, ढवळ्याचा खूर बरा झाला नसन तर त्याले गाडीले जुपू नको. मग टक् आवाज झाला आणि सगळं संपलं. तव्यावरची भाकर जळाली. जळू दिली मेलीला.

"पाह्यलं? ते लाल बाजू खराबच हाय," भाऊजी म्हणाले आणि जिंकल्यासारखे जेवायला बसले.

दुसऱ्या दिवशी सगळे कापूस वेचायला गेले. माझं डोकं दुखतं, असं मी सांगितलं. पेटी काढली, लुगडी भरली. दुपारची जीप पकडायची होती. पण रागाला जागा हवी ना! टेप समोरच होता. मी मुद्दाम ती खराब बाजू पहिल्यापासून लावली. मला ऐकायचं नव्हतंच, मला बोलायचं होतं.

खर्रर्र सुरू झालं आणि मीही सुरू झाले. "बैलाचा खूर दिसते तुले, बायको नाही दिसत? मग बैलाशीच लावाचं होतं लगन! भेकड कुठला! बापापुढं तोंड उघडत नाही आन म्हने देश राखतो!" मायच्या दाढेपर्यंत सगळ्यांचा उद्धार केला. रडलेही. शेवटी दम लागला म्हणून थांबले.

"झालं काय बोलून?" टेप म्हणाला.

मी चटकन डोक्यावर पदर घेतला, कुणासाठी देव जाणे.

"घरात आता कोनी नसन. तू मले शिव्या देऊन राह्यली असशीन. दे. त्याच्यासाठीच एवढी जागा कोरी सोडली. बाकीचे कटाळून उठतीन, पन तू काही चूप बसत नाहीस. टिकली पाह्यली ना? हे बाजू तुही हाय."

मग त्यानं माझं नाव घेतलं. लग्नातल्या उखाण्यानंतर पहिल्यांदाच. पुढं जे बोलला ते मी तेव्हाही कुणाला सांगितलं नाही, आताही सांगणार नाही.

संध्याकाळी भाऊजी टेप न्यायला आले. मी पेटीतली लुगडी परत दांडीवर टाकत होते.

"भाऊजी, पुन्हा बंद पडला वाटते," मी म्हटलं. "असा बिघडलेला कसा परत कराचा? राहू द्या दोन दिवस, दुरुस्त करा."

भाऊजी खुशीत स्क्रू काढायला बसले. एक सेल माझ्या कमरेला खोचलेला होता.